चौकटीत व्यक्ती आढळली

प्रेम म्हणजे दोन जिवांना बांधणारी एक अदृश्य तार असते. तिला अंतर कळत नाही, भिंती तिला अडवू शकत नाहीत, आणि जगातली कोणतीही सत्ता ती तोडू शकत नाही. हे सगळं खरं आहे. फक्त उद्यान विभागात ही तार साहेबांच्या केबिनमधल्या कपाटावर ठेवलेल्या डब्यातून येत असे, आणि साहेबांनी केबिनचं दार लावलं की तुटत असे.

डबा वाय-फायचा होता.

ती पहिल्यांदा आली तो गुरुवार होता. बाहेर भुरभुर चालू होती, म्हणजे छत्री उघडावी तर लोक हसतात आणि मिटावी तर डोकं भिजतं, तसली. तिच्या बुटांना चिखल होता, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन होता आणि केसांत एक पान अडकलं होतं. पानाबद्दल तिला कोणी सांगितलं नसावं. शहरातली झाडं मोजायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे पाहणाऱ्याला ते पान गणवेशाचा भाग वाटत असेल. सगळे तिला झाडवाली म्हणत.

खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर ऑपरेटर बसला होता. वय एकतीस. कोणी बोलायला आलं की आधी टेबलावरची पेनं सरळ करायची आणि मग मान वर करायची, अशी त्याची सवय होती. त्याने पेनं सरळ केली, मान वर केली, आणि पेनं परत वाकडी झाली.

"झाडांचे फोटो आणलेत," ती म्हणाली. "चारशे पाच. कॉम्प्युटरच्या नोंदवहीत चढवायचेत. ही केबल."

"केबल चालत नाही."

"चालते की. कालच आणलीये."

"तुमची चालते हो. आमच्याकडे चालत नाही." त्याने कॉम्प्युटर वळवून मागची बाजू दाखवली. केबल लावायच्या सगळ्या भोकांवर लाल लाख ओतली होती आणि लाखेवर विभागाचा शिक्का मारला होता. "केबलमधून व्हायरस येतो. परिपत्रक आहे."

"मग फोटो कसे येणार?"

"हवेतून."

तो चेष्टा करतोय का, हे तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. त्या चेहऱ्यावरून आजवर कोणालाच काही कळलेलं नव्हतं.

"आणि हवेतून व्हायरस येत नाही?"

"परिपत्रकात हवेचा उल्लेख नाही."

ती हसली. ऑपरेटरच्या आठ वर्षांच्या नोकरीत परिपत्रकावर कोणी हसल्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याने तिला रीत समजावली. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर हवेत. दोन्हीकडे तेच अ‍ॅप उघडायचं. "आता माझा कॉम्प्युटर तुमचा फोन शोधेल."

"सापडेल?"

"जवळ असला तर सापडतो."

तिने खुर्ची पुढे ओढली.

"फोन जवळ पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे... तुम्हीही चालाल."

मग त्याचे कान लाल झाले आणि कॉम्प्युटरवर सहा आकडे आले. फोनवरही सहा आकडे आले. दोन्हीकडचे सारखे आहेत का ते ताडून बघायचं असतं, म्हणून एक आकडा त्याने वाचला, एक तिने.

"जुळलं," तो म्हणाला.

"काय जुळलं?" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. या मोठ्या बाई. विभागाच्या मुख्य कारकून, निवृत्तीला दोन वर्षं, आणि फाइलमधून मान वर न काढता खोलीतलं सगळं पाहण्याची विद्या त्यांना साधलेली.

"आकडे, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

एकेक फोटो यायला दहा सेकंद लागत होते. म्हणजे चारशे फोटोंना तास-सव्वा तास. त्यात आणखी एक भानगड होती. फोनचा पडदा तीस सेकंदांनी आपोआप काळा व्हायचा, आणि पडदा काळा झाला की फोटो येणं बंद. पुन्हा शोधा, पुन्हा आकडे जुळवा, पुन्हा पहिल्यापासून.

"हे तीस सेकंद वाढवता येत नाहीत का?" तिने विचारलं.

ऑपरेटरने पेनं सरळ केली. "विभागाचा फोन आहे," तो म्हणाला. "कुलूप लावलेलं असतं. दर थोड्या वेळाने बोट लावत राहायचं. कुठेही नाही — इथे, रिकाम्या जागी. हळूच."

"सव्वा तास?"

"आलटून पालटून लावू."

तर असा तो प्रकार सुरू झाला. दोघांच्या मध्ये टेबलावर फोन, ताप आलेल्या पेशंटसारखा, आणि दर तीस सेकंदांच्या आत कोणाचं तरी बोट. तिचं बोट मातीचं, नखाखाली हिरवी रेघ. त्याचं बोट असं स्वच्छ की त्याचीच त्याला लाज वाटली. तीस सेकंदांत माणूस फार मोठं बोलू शकत नाही, हे बरं असतं. जगातली बरीचशी प्रेमं लांबलचक बोलण्याने बिघडलेली आहेत.

प्रत्येक झाडाचे तीन फोटो असत. खोड, पान आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पूर्ण झाड. ते मोठ्या पडद्यावर एकेक करून उमटायचे आणि ती सांगायची. "हे शाळेमागचं. याच्याखाली एक आजोबा पेपर वाचत बसतात. उठा म्हटलं तर म्हणाले, अग्रलेख संपू दे."

"मग?"

"मग काय. चौकटीत माणूस आला तर नोंद बाद होते ना. चाळीस मिनिटं उभी होते. अग्रलेख झाल्यावर आजोबांनी शब्दकोडं काढलं." तिने बोट लावलं. "तीन शब्द मीच सांगितले, म्हणून सुटले."

तो हसला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ऑपरेटरचे दात त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावेत.

जाताना ती दारापाशी थांबली. "माझ्या केसांत पान आहे का हो? मघापासून तुम्ही तिकडेच बघताय."

"आहे," तो म्हणाला. "चांगलं दिसतंय."

दुसऱ्या गुरुवारी ती आली. तिसऱ्याही. झाडांची मोजणी एकूण सात गुरुवारांची होती. ऑपरेटर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालू लागला, आणि त्याच्या ताईने, म्हणजे ज्या थोरल्या बहिणीच्या घरात तो आईसह राहत असे तिने, ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ओळखली. त्यानंतर दर गुरुवारी तिचा फोन यायचा.

"विचारलंस?"

"फोटो येतायत, ताई."

"फोटो मशीनला येतायत. तुझ्या तोंडाला काय झालंय?"

तोंडाला काही झालेलं नव्हतं. त्याला वाटायचं, आज विचारू. मग वाटायचं, शंभर फोटो होऊ देत. मग तीनशे व्हायचे. मग शेवटचा हिरवा पट्टा भरून 'पूर्ण झाले' अशी अक्षरं यायची, ती फोनमधले आलेले फोटो पुसायची, पिशवी उचलायची आणि म्हणायची, "चला, येते." आणि तो म्हणायचा, "हो, गुरुवारी."

सातव्या गुरुवारनंतर असं म्हणता येणार नव्हतं. मोजणी संपली की तिची दुसऱ्या शहरात नेमणूक होती. तिकडची झाडं कोणी मोजलीच नव्हती म्हणे.

त्याच गुरुवारावर आणखी एकाचं भवितव्य अवलंबून होतं. ऑपरेटरच्या खिडकीबाहेर रबराचं एक झाड होतं. एके काळी ते केबिनमध्ये कुंडीत होतं. आधीचे साहेब बदलून गेले तेव्हा त्यांची कुंडीही बाहेर काढण्यात आली, कुंडी फुटली, आणि झाडाला जे करायचं होतं ते त्याने केलं. मोठ्या बाई रोज कप विसळून ते पाणी त्याला घालत. आता ते दुमजली झालं होतं. आताच्या साहेबांना तिथे गाडीसाठी जागा करायची होती. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांची गाडी रोज त्याच झाडाच्या सावलीत उभी असे. पण सावलीत गाडी लावणं आणि गाडीची जागा असणं यात फरक आहे. झाड तोडून तिथे फरशी बसणार होती आणि फरशीवर ऊन लागू नये म्हणून पत्र्याची शेड. बुंध्यावर पांढरी फुली मारून झाली होती. शुक्रवारी माणसं येणार होती.

नियम एवढाच होता की नोंदवहीत असलेलं झाड तोडता येत नाही. नोंदवही गुरुवारी पाच वाजता बंद होणार होती. त्यानंतर ज्याचा फोटो नाही ते झाड, सरकारी अर्थाने, झाड नाही.

"ते झालं ना आपलं रबराचं?" त्या गुरुवारी झाडवाली आल्याबरोबर मोठ्या बाईंनी तिला विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण फाइल उघडलेली नव्हती.

"आज होईल, बाई," ती म्हणाली आणि नजर चोरून हात धुवायला गेली.

साडेतीन वाजले होते. ती उशिरा आली होती, शेवटची गल्ली लांबची होती. एरवी ती फोनमधले फोटो एकेक बोट लावून निवडायची. आज वेळ नाही म्हणून, आणि तिचे हात चिखलाचे म्हणून, ऑपरेटरने स्वतःच 'सगळे निवडा' वर बोट ठेवलं. मदत करायची होती. बाकी त्याच्या मनात काही नव्हतं.

फोटो येऊ लागले. जुने आधी.

पहिला फोटो रबराच्या झाडाचा होता. फाटकाकडून काढलेला. दोन फांद्यांच्या मधून मागची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत कोणीतरी गबाळा माणूस पेनं सरळ करत होता. ऑपरेटरला वाटलं, हा कोण बुवा? मग शर्ट ओळखीचा वाटला.

तारीख पहिल्या गुरुवारची होती.

दहा सेकंदांनी दुसरा आला. तेच झाड, तीच खिडकी, दुसरा गुरुवार. गबाळ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिसऱ्यात तो चष्मा पुसत होता. चौथ्यात चहाचा कप तोंडापाशी धरून थेट फाटकाकडे बघत होता. पाचवा. सहावा. दर गुरुवारचा एक, आणि एकही तिने आजवर मशीनवर पाठवलेला नव्हता. फोन काळा व्हायला आला तेव्हा त्याने भानावर येऊन बोट लावलं.

दुसऱ्या कोणी यातून योग्य तो अर्थ काढला असता. ऑपरेटर मात्र सरकारी नोकर होता. त्याने असा निष्कर्ष काढला की सहा आठवडे आपण या बाईच्या कामात अडथळा आणतोय, आपल्या तोंडामुळे एक झाड मरणार आहे, आणि ती इतकी भली की तक्रारही करत नाही.

ती रुमालाला हात पुसत आली, तोवर पडद्यावर लांबच्या गल्लीतली झाडं आली होती. त्यानंतरचा तास तो एक शब्द बोलला नाही. ती बोलत होती, बोट लावत होती, मधूनच त्याच्याकडे बघत होती.

"बरं नाही का वाटत?"

"नाही... हो. ठीक आहे."

"आजचा शेवटचा आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही नेहमी म्हणता — गुरुवारी." तिने पडद्याकडे बघत म्हटलं. "आज काय म्हणाल?"

त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी आजचा शेवटचा फोटो आला. रबराचं झाड, बुंध्यावर पांढरी फुली, मागे खिडकी, खिडकीत तो. चार चाळीस झाले होते. नोंदवही फक्त त्या दिवसाचेच फोटो तपासत असे; तिने लाल चौकोन काढून सांगितलं, 'चौकटीत व्यक्ती आढळली. नोंद बाद.'

"माफ करा," तो घाईघाईने म्हणाला. "मी आधीचेही पाहिले. चुकून सगळे निवडले गेले. सात वेळा तुम्ही प्रयत्न केलात आणि सातही वेळा मी... मला एकदा सांगायचं तरी, बाजूला व्हा म्हणून. मी वाकलो असतो."

तिचा चेहरा हळूहळू त्या लाल चौकोनाच्या रंगाचा झाला.

"पहिला खरोखर चुकून आला होता," ती शेवटी म्हणाली.

"आणि बाकीचे?"

"बाजूला व्हा म्हटलं असतं तर नोंद झाली असती. नोंद झाली की काम संपलं. मग फाटकातून आत शिरताना... थांबायला कारण नको?" तिने बोट लावलं, जरी आता त्याची गरज नव्हती. "आज मात्र खरंच व्यवस्थित काढायचा होता. मला वाटलं, आज तरी हा माणूस कपाटाकडे वगैरे जाईल."

"गुरुवारी मी जागचा हलत नाही," ऑपरेटर म्हणाला. "इथून फाटक दिसतं."

पलीकडच्या टेबलावर पान उलटल्याचा आवाज झाला नाही.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते तीस सेकंदांचं कुलूप... तसं काही कुलूप नसतं. सेटिंगमध्ये गेलं की दहा मिनिटं करता येतात. मी पहिल्या दिवशी सांगणारच होतो. पण ते पान..."

"माहीत आहे मला."

"काय?"

"त्याच दिवशी घरी जाऊन दहा मिनिटं केली. दर गुरुवारी सकाळी निघताना परत तीस करते." ती उठली. "आता हे नंतर बोलू. पंधरा मिनिटं राहिलीत आणि ते झाड मरतंय. तू बाजूला हो."

तो उठला. पण खिडकी भिंतभर होती, उजवीकडे कपाट, डावीकडे फाइलींची मांडणी. कुठेही उभा राहिला तरी दिसलाच असता. "खाली!" ती दारातून ओरडली आणि फोन घेऊन पळाली. ऑपरेटर टेबलाखाली गेला. तिथे असताना त्याचा स्वतःचा फोन वाजला.

"विचारलंस?" ताई.

"ताई, मी टेबलाखाली आहे."

"तिथे काय करतोयस?"

"तिने सांगितलं, खाली हो म्हणून."

"मुलगी चांगली दिसतेय," ताई म्हणाली.

ती धापा टाकत परत आली. फोन, अ‍ॅप, सहा आकडे. या वेळी दोघांनी एकदमच वाचले. खोड आणि पान आधीच नोंदलं होतं; पूर्ण झाडाचा एकच फोटो पाठवायचा होता, दहा सेकंदांचा. हिरवा पट्टा निम्मा भरला आणि थांबला.

पाचला पाच मिनिटं कमी. रोज याच वेळी साहेब घरी फोन करायचे, आणि घरी फोन करताना दार लावायचे.

ती ऑपरेटरकडे बघत राहिली. तो दाराकडे. साहेबांचं दार ठोठावण्याबद्दल परिपत्रक नव्हतं, पण आजवर कोणी ते ठोठावलंही नव्हतं. मोठ्या बाई उठल्या. साडी नीट केली, टेबलावरची पहिली हाताला लागेल ती फाइल घेतली, केबिनचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. कपाटावरचा डबा त्यांच्या डोक्यावरून स्पष्ट दिसत होता.

"साहेब, एक विचारायचं होतं."

"आत्ता, बाई? मी फोनवर आहे."

"माझ्या निरोप समारंभाला भाषण कोण करणार?"

"तुम्हाला अजून दोन वर्षं आहेत!"

"म्हणून तर म्हटलं, आधी ठरलेलं बरं. मागच्या वेळी भाषण करणाऱ्यांना त्या माणसाचं नावच आठवलं नाही. तुम्हाला माझं आठवतं ना?"

साहेबांनी फोन कानावरून खाली घेतला. त्यांना आठवत नव्हतं, आणि ते आठवेपर्यंत हिरवा पट्टा सरकू लागला. तिचं बोट फोनवर होतं. त्याचंही होतं. रिकामी जागा तेवढी एकच होती.

'पूर्ण झाले.' मग नोंदवहीने झाड तपासलं. बुंधा, शेंडा, मागे रिकामी खिडकी. 'नोंद स्वीकारली.' फोटो क्रमांक दोन हजार आठशे चौदा. चार अठ्ठावन्न.

"शेरा लिहायचा असतो शेवटी," ती म्हणाली. "काय लिहू?"

"निरोगी," तो म्हणाला.

"एवढंच?"

त्याने पेनं सरळ केली नाहीत. "दुसऱ्या शहरात गुरुवारी फोटो कोण घेतं?"

"अजून कोणी नाही."

"मी येईन. दर गुरुवारी. रजा टाकून. तुला चालेल का... म्हणजे कायमचंच?"

"आणि तिथे केबल चालत असली तर?"

"तरी येईन."

ती हसली, आणि केसांतलं पान — आजही होतंच — काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवलं. मोठ्या बाई परत आल्या होत्या. त्यांनी कप विसळायला घेतला आणि खिडकीतून झाडाला पाणी घातलं. "जुळलं का?" त्यांनी विचारलं. आणि त्यांनीच "बरं" म्हटलं.

शुक्रवारी माणसं आली, नोंदवही बघून परत गेली. साहेबांनी गाडी सावलीत लावली. दुपारी नवीन परिपत्रक आलं. झाडं नोंदवायची मुदत तीन महिन्यांनी वाढवण्यात आली होती, आणि केबलवरची बंदी उठवण्यात आली होती.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. ताई सगळ्यांना सांगत होती की आपल्या भावाने टेबलाखालून होकार मिळवला. लग्नाचे सहाशे चाळीस फोटो निघाले, त्यात जवळजवळ सगळ्यांत चौकटीत व्यक्ती आहेत. ते फोटो अजून तिच्या फोनमध्येच आहेत. घरात केबल तीन आहेत.